काटकसर ताटातली नको, बाजारातली हवी

महिन्याची पहिली तारीख आली, की घरोघरी एक कागद निघतो. बहुधा पाठकोराच असतो. त्यावर वाणसामानाची यादी उतरते. तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, कपड्यांचा साबण. यादी दरमहा तीच असते. खालची बेरीज तेवढी वाढत जाते, आणि मग एकेका नावावर काट मारायची वेळ येते. आज मला बोलायचं आहे ते या काट मारण्याविषयी. कुठल्या नावावर काट मारावी आणि कुठल्या नावाला हात लावू नये, याविषयी.

साठवणीसाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे, बेगमी. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असं आपण म्हणतो. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'बे' म्हणजे वाचून आणि 'गम' म्हणजे चिंता, दुःख. बेगमी म्हणजे चिंता नसणं. डब्यात धान्य आहे म्हणून जिवाला घोर नाही, असा तो अर्थ. मराठी माणसानं धान्याच्या साठ्यालाच निश्चिंतीचं नाव देऊन टाकलं. काटकसरीचा हेतूही हाच असायला हवा. पैसे वाचले, पण घरातल्या कुणाच्या पोटाला चिमटा बसला, तर ती बेगमी झाली नाही.

आणि हा चिमटा कुणाला बसतो, हे आपल्याला ठाऊक असतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जी जेवायला बसते तिला. ''मला आज भूक नाही,'' ''मला भाताची खरवडच आवडते,'' ''दूध मला पचत नाही,'' ही वाक्यं आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली आहेत. मीही अम्मीच्या तोंडून ऐकली आहेत. तिला खरवड खरोखरच आवडत होती का, हे कुणी विचारलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात लोहकण कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. याची कारणं अनेक आहेत; पण महागाई आली की पहिली कात्री कुणाच्या ताटाला लागते, हेही त्यातलं एक आहे.

म्हणून आधी पाहू, पैसा जातो कुठे. अर्न्स्ट एंगल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातले सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातले सुमारे ४० टक्के अन्नावर जातात. ही सरासरी झाली. ज्याचं हातावर पोट आहे, त्याचा वाटा याहून मोठा असणार.

पण याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि तो डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तांदूळ, गहू, ज्वारी अशा धान्यांवर खेड्यात एकूण खर्चाच्या जेमतेम ५ टक्के आणि शहरात ४ टक्क्यांहूनही कमी खर्च होतो. डाळींवर त्याहून कमी. उलट पेयं, फरसाण, बिस्किटं, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थ यांच्यावर खेड्यात जवळपास १० टक्के आणि शहरात ११ टक्के. धान्याचा आकडा कमी दिसतो, यात रेशनचा हात आहे, हे खरं. तरीही हिशेब स्पष्ट आहे. भाकरीपेक्षा दुप्पट पैसा पुडक्यांवर जातो आहे. मग काट डाळीवर का मारायची?

आता बाजारात जाऊ. काटकसर या शब्दातली 'कसर' मूळ अरबी 'कस्र'वरून आली. अरबी गणितात तिचा अर्थ अपूर्णांक. काटकसर म्हणजे खरोखरच अपूर्णांकांचं गणित आहे. पूर्वी ते सोपं होतं. शेर, अडशेरी, पायली अशी मापं डोळ्यांसमोर भरली जात. आज माल बंद पाकिटात येतो आणि गणित छापील अक्षरांत, तेही बारीक अक्षरांत असतं. आपण किंमत पाहतो, वजन पाहत नाही. उत्पादकांना हे चांगलं ठाऊक आहे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो, फक्त आतलं एखादं बिस्किट कमी होतं.

पूर्वी चहा, तेल, बिस्किटं अशा काही वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांतच विकावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीनं ते बंधन काढलं आणि त्याऐवजी पाकिटावर एककाची किंमत छापायला सांगितलं. किलोहून कमी वजन असेल तर ग्रॅममागे किती पैसे आणि किलोहून जास्त असेल तर किलोमागे किती रुपये, हे आता पाकिटावर असायला हवं. कमाल किमतीच्या आसपासच ते छापलेलं असतं. चष्मा लावून वाचावं लागलं तरी वाचावं, कारण सगळी मेख तिथे आहे.

तेलाचं उदाहरण घेऊ. एक लिटर खाद्यतेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरतं. दुकानात शेजारी शेजारी दोन पिशव्या आहेत. एक लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅमची, समजा १५० रुपयांना. दुसरी दिसायला तेवढीच, पण ८५० ग्रॅमची, १४५ रुपयांना. हात आपोआप दुसरीकडे जातो. पण किलोच्या भावानं पहिली पडते सुमारे १६५ रुपये आणि दुसरी सुमारे १७१. पाच रुपये स्वस्त वाटलेली पिशवी किलोमागे सहा रुपयांनी महाग निघाली.

'मोठं पाकीट स्वस्त' हा नियमही डोळे झाकून मानू नये. शाम्पूची एकेक रुपयाची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मसाल्याचं मोठं पाकीट स्वस्त असलं, तरी त्याचा वास उडून जायच्या आत ते संपणार नसेल, तर महागच. 'दोनावर एक फुकट' असेल, तर आपल्याला तीन लागतात का, हा पहिला प्रश्न. कमाल किंमत ही नावाप्रमाणे कमाल आहे. सगळे कर तिच्यात आलेले असतात. दुकानदार तिच्याहून जास्त घेऊ शकत नाही, कमी मात्र खुशाल घेऊ शकतो. तेव्हा 'छापील भावापेक्षा दहा रुपये कमी' या पाटीनं लगेच हुरळून जाण्याचं कारण नाही. शेजारच्या दुकानात कदाचित पंधरा रुपये कमी असतील.

सुटं घ्यावं की बांधलेलं? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. शिवाय सुटं धान्य हातात घेऊन पाहता येतं, दाताखाली धरता येतं. दळलेल्या मसाल्याचं मात्र उलट आहे. सुट्या हळदीत आणि तिखटात रंग मिसळलेला ओळखता येत नाही. त्यापेक्षा हळकुंडं आणि मिरच्या आणाव्यात, उन्हात वाळवून डंकावर कुटून घ्याव्यात. पैसे वाचतात आणि काय खातो आहोत ते कळतं.

तराजूकडेही लक्ष हवं. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसतं का, हे पाहायला लाजू नये. मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरता येत नाही. वजनात खोट वाटली, तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा १९१५ हा क्रमांकही आहे. अर्थात ज्याची वही दुकानदाराकडे आहे, त्याला हे सगळं बोलता येत नाही. उधारीवर नेणारा भाव विचारत नाही, काट्याकडे पाहत नाही, दुकान बदलू शकत नाही. उधारीचं व्याज पावतीवर नसतं, ते भावात असतं. म्हणून थोडे पैसे शिल्लक पडले, तर सर्वांत आधी ती वही मिटवावी. तिच्याइतकी मोठी बचत दुसरी नाही.

दुसरं गणित ऋतूचं. आपल्या आज्या-पणज्यांना ते पाठ होतं. तूर हिवाळ्याच्या अखेरीस निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. नवा माल बाजारात आला, की भाव सहसा उतरतो. तेव्हा घ्यायचं, उन्हं द्यायची, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, तूरडाळीला एरंडेलाचं बोट लावायचं आणि डबे भरायचे. कोकणात पावसाच्या तोंडावर या तयारीला आगोट म्हणतात. सुकट, बोंबील, आमसुलं, कांद्याच्या माळा, सगळं त्यात आलं. तांदळाला बोरिक पावडर लावायची काही घरांतली सवय मात्र सोडून द्यावी. ती पोटात जाण्याची वस्तू नाही. कोरडा, घट्ट झाकणाचा डबा अधिक चांगला.

कांद्याचंच पाहा. देशातला बहुतेक कांदा रब्बीचा, मार्च ते मे या काळात निघणारा. चाळीत टिकतो तो हाच. त्याचा साठा सरत येतो आणि खरिपाचा नवा कांदा अजून आलेला नसतो, अशा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमाराला भाव भडकतो. मे महिन्यात दहा-पंधरा किलो सुका कांदा घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवला, बटाट्यांपासून दूर ठेवला, तर निदान भडक्याचे पहिले आठवडे निभतात. टोमॅटो साठवता येत नाही. पण त्याच्यावाचून अडतं असंही नाही. २०२३ च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांपार गेला, तेव्हा ज्या घरात चिंच, आमसूल, आमचूर होतं त्या घरची आमटी आंबटच झाली.

सणांचंही असंच. सण काही अवचित येत नाही, कॅलेंडरवर छापलेला असतो. तरी आपण आषाढीच्या आदल्या दिवशी साबुदाणा आणि दिवाळीच्या आठवड्यात रवा-बेसन घ्यायला धावतो. आमच्या मोहल्ल्यांत रमजानमध्ये हेच घडतं. रोजा सोडायच्या तासभर आधी फळांच्या गाड्यांवर झुंबड उडते आणि भाव त्या झुंबडीचा असतो. खजूर, बेसन, तेल महिनाभर आधी घेता येतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, सगळ्या ऋतूंतून फिरतो. म्हणून ज्या ऋतूत येईल त्या ऋतूचं फळ दस्तरखानावर असावं. उन्हाळ्यात कलिंगड, हिवाळ्यात पेरू. इस्लाममध्ये उधळपट्टीला 'इसराफ' म्हणतात आणि ती वर्ज्य मानली आहे. उपासाच्या महिन्यात ती होऊ नये, एवढं तरी आपण पाळायला हवं.

पण वर्षाची साठवण करायची तर एकरकमी पैसा हवा. गरिबाची अडचण नेमकी हीच. तो पावशेर तेल, अर्धा किलो तांदूळ असं रोज घेतो आणि त्यापायी किलोमागे जास्त मोजतो. त्यासाठी कर्ज काढणं हा उपाय नाही. समजा, दहा हजारांचं धान्य एकदम घेऊन दीड हजार वाचणार आहेत. दहा हजार महिना ३ टक्क्यांनी उचलले, तर महिन्याला ३०० रुपये व्याज. पाच महिन्यांत दीड हजार संपले. त्यापेक्षा बायकांची भिशी बरी. दहाजणी मिळून दरमहा ठरावीक रक्कम काढतात. त्यातले मार्च-एप्रिलचे हप्ते धान्यासाठी राखून ठेवता येतात. सगळं वर्षाचं जमलं नाही तरी तीन महिन्यांचं जमतं.

एकत्र येण्याची ताकद महाराष्ट्रानं पूर्वीच पाहिली आहे. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या मालाची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक खरेदी करायची आणि माल आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. संस्था नसली, तरी एका जिन्यातली चार घरंही हे करू शकतात. पन्नास किलोचं पोतं चौघांत वाटलं, तर चौघांनाही पोत्याचा भाव मिळतो. आणि १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, हेही विसरू नये. महागाई हा एकेका गृहिणीच्या हुशारीनं सुटणारा प्रश्न नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

रेशन घेण्यात कमीपणा मानणारी घरं मी पाहिली आहेत. तो हक्क आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ही सोय वाढवण्यात आली. शिधापत्रिका गावाकडची असली, तरी कामासाठी जिथे गेलो तिथल्या रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता स्वयंपाकघर. इथली बचत ताट लहान करून होत नाही, वाया जाणारं वाचवून होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानं भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज दिला आहे. त्यात साली-देठही धरलेले आहेत. पाचजणांच्या घरात दिवसाला पाऊण किलो होतं ते. कोथिंबिरीची जुडी आणायची, चार काड्या वापरायच्या, उरलेली फ्रिजमध्ये काळी पडू द्यायची, हे आपण सगळेच करतो. फ्रिज आला आणि आदल्या दिवशीचं उरलेलं दिसेनासं झालं. पूर्वी शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा, उरलेल्या भाताला फोडणी मिळायची, दुधी-दोडक्याच्या सालींची चटणी व्हायची. हे पदार्थ गरिबीचे नाहीत, सुगरणीचे आहेत. आठवड्यातला एक दिवस फ्रिज रिकामा करायचा ठेवला, तर त्या दिवशी भाजी आणावीच लागत नाही.

डाळ मात्र पातळ करू नये. तूर महाग झाली, तर मसूर आहे, हरभऱ्याची डाळ आहे. भाव पाहून त्या दिवशी जी स्वस्त ती घ्यावी. कुठलीही डाळ घेतली, तरी शंभर ग्रॅममध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतातच. दोन वाट्या तुरीत एक वाटी मसूर मिसळला, तर आमटीची चव फारशी बदलत नाही. मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी, एखादं अंडं, यांतून जे मिळतं ते कुठल्याही जाहिरातीतल्या पौष्टिक पावडरीत जास्त नाही, किंमत तेवढी जास्त असते. काट मारायचीच असेल, तर ती त्या पावडरीवर मारावी, थंड पेयाच्या बाटलीवर मारावी. तेलावरही मारायला हरकत नाही. चौघांच्या घराला महिन्याला तीन लिटर तेल पुरेसं होतं. आपल्याकडे चार-पाच लागत असेल, तर पैसा आणि तब्येत दोन्ही तळणीत जात आहेत. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावले, तर गॅसही थोडा वाचतो.

शेवटी एक वही करावी, असं सुचवतो. डाव्या पानावर वस्तू, वजन, दिलेले पैसे आणि किलोचा भाव. तीन महिने लिहिलं, की कुठल्या दुकानात काय स्वस्त, कुठला महिना कशाचा, हे तोंडपाठ होतं. ही वही घरातल्या एकट्या बाईनं लिहू नये. नवऱ्यानं लिहावी, शाळेतल्या मुलांनी लिहावी. किलोच्या भावाचं गणित त्यांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल. आणि उजव्या पानावर आठवड्यातून एकदा आणखी एक नोंद करावी. डाळ, दूध, अंडं, फळ या आठवड्यात घरातल्या कुणाकुणाच्या वाट्याला आलं? एकेकाच्या नावापुढे खूण करावी. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, तिथे आपली काटकसर चुकली आहे, असं समजावं आणि पुढच्या आठवड्याची यादी त्या नावापासून लिहायला घ्यावी.